नऊ तास की दहा दिवस? : 'नाइन अवर्स टू रामा' – कादंबरी, चित्रपट आणि वास्तव

स्टॅन्ली वॉल्पर्ट हे नाव मराठी अभ्यासकांना माहीत आहे ते मुख्यतः 'टिळक अँड गोखले' या ग्रंथामुळे. आधुनिक महाराष्ट्राच्या राजकारणातले दोन प्रवाह समोरासमोर मांडणारे हे पुस्तक १९६२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केले आणि पुण्याच्या राजकीय इतिहासावर लिहिणाऱ्याला ते आजही चाळावे लागते. त्याच वर्षी त्याच लेखकाचे दुसरे एक पुस्तक न्यूयॉर्कच्या रँडम हाउसने बाजारात आणले, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात नाही. ती कादंबरी होती. तिचे नाव 'नाइन अवर्स टू रामा' आणि विषय ३० जानेवारी १९४८ चा गांधीवध. १९६३ साली हॉलिवूडच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीने तिच्यावर मोठा रंगीत चित्रपट काढला. भारतात कादंबरीवरही बंदी आली आणि चित्रपटावरही.

हेरकथा आणि पाठलागकथा यांचा तो बहराचा काळ. जेम्स बाँडचा पहिला चित्रपट १९६२ चा; जॉन ल कारेची थंडीतून परतलेल्या हेराची कादंबरी १९६३ ची. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचनालयांतून फिरत होत्या. अशा वेळी खोटी नावे, लपवलेली शस्त्रे, पोलिसांचा माग आणि घड्याळाचे काटे हा सगळा ऐवज ज्यात मुळातच आहे, अशी खरी घटना एका इतिहासकाराने कादंबरीसाठी निवडली. त्यातून निघालेला चित्रपट फसला. तो का फसला, हा प्रश्न सिनेमाच्या तांत्रिक बाजूचा नाही. पुणे जिल्ह्याशी, त्यातही बारामती-इंदापूरच्या मुलखाशी त्याचा सरळ संबंध आहे, कारण कथेतल्या मारेकऱ्याचा जन्म १९ मे १९१० रोजी बारामतीचा. त्याच्याविषयी जगाला काय सांगितले गेले, हे तपासणे म्हणून आपल्या वाट्याला येते.

जहाजावरचा तरुण

वॉल्पर्ट १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मले. विशीतला हा तरुण व्यापारी जहाजावर अभियंता म्हणून काम करत असताना १२ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबई बंदरात उतरला. गांधीजींच्या अस्थींचे देशभर विसर्जन होत होते, तो हा दिवस. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर लोटलेला प्रचंड जनसमुदाय त्याने पाहिला. हा कोण माणूस होता, आणि त्याच्याच देशातल्या, त्याच्याच धर्माच्या माणसाने त्याला का मारले, या प्रश्नांनी आपण भारताच्या इतिहासाकडे वळलो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. जहाजाची नोकरी सुटली, ते इतिहासाचे विद्यार्थी झाले, मग लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक. पुढच्या काळात त्यांनी जिना, नेहरू आणि गांधी अशा तिघांचीही चरित्रे लिहिली.

कादंबरीची रचना नावातच आहे. खुनाच्या दिवशीचे शेवटचे नऊ तास, आणि त्या तासांच्या मधून उलगडणारा भूतकाळ. एका बाजूला मारेकरी, दुसऱ्या बाजूला त्याला गाठू पाहणारा पोलीस अधिकारी. शेवट वाचकाला आधीच ठाऊक आहे. म्हणजे 'काय होणार' याची उत्सुकता नाही, 'कसे होणार' आणि 'टळले असते का' याची आहे. पुस्तक सरकारला खुपले ते याच दुसऱ्या प्रश्नामुळे, असे सामान्यतः मानले जाते. गांधीजींच्या संरक्षणात ढिलाई झाली, काही ठिकाणी ती ढिलाईच्याही पलीकडची होती, असा त्याचा रोख होता. एवढे एक श्रेय वॉल्पर्ट यांना दिले पाहिजे. न्या. कपूर आयोगाचा अहवाल यायला अजून सात वर्षे होती. सरकारी कपाटांतली कागदपत्रे उघडण्यापूर्वीच एका परदेशी अभ्यासकाने बोट नेमके दुखऱ्या जागेवर ठेवले होते.

पडद्यावर काय आले

दिग्दर्शक मार्क रॉब्सन हा नवखा माणूस नव्हता. 'पेटन प्लेस' आणि 'द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस' हे त्याचे गाजलेले चित्रपट, आणि त्याच १९६३ साली त्याने अर्व्हिंग वॉलेसच्या 'द प्राइझ' या शीतयुद्धकालीन थरारकथेवरही चित्रपट केला. पटकथा नेल्सन गिडिंगची. संगीत माल्कम अर्नोल्डचे, ज्याला क्वाय नदीवरच्या पुलाच्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले होते. श्रेयनामावली सॉल बासने घड्याळाच्या प्रतिमांमधून रचली. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' आणि 'सायको'ची नामावली करणारा हाच कलावंत. काही भाग भारतात चित्रित झाला. रेल्वेस्थानके, गर्दी, धूळ, हिवाळ्यातला दिल्लीचा उजेड हे सगळे आर्थर इबेट्सनच्या कॅमेऱ्याने सुरेख टिपले आहे. म्हणजे पैसा होता, कसब होते, जागा खऱ्या होत्या.

मग माणसे आली आणि गाडी घसरली. नथुराम गोडसेच्या भूमिकेत होर्स्ट बुखहोल्ट्स हा देखणा जर्मन नट, नारायण आपटेच्या भूमिकेत कॅनडाचा डॉन बोरिसेन्को, पोलीस अधीक्षक गोपाळ दास म्हणून पोर्तो रिकोत जन्मलेला होजे फेरर, एका राजकारण्याच्या भूमिकेत गुबगुबीत इंग्रज रॉबर्ट मोर्ली. चेहऱ्यांना सावळा रंग फासून ही मंडळी पुण्याचे आणि दिल्लीचे लोक झाली. भारतीय कलावंत होते, पण कडेकडेला. पी. जयराज घनश्यामदास बिर्लांच्या भूमिकेत, मराठी मातृभाषेच्या बेने इस्रायली समाजातले आपले डेव्हिड एका हवालदारी पठडीच्या गुप्त पोलिसाच्या भूमिकेत, आणि पुढे पुण्यात स्थायिक झालेल्या अचला सचदेव नथुरामच्या आईच्या भूमिकेत. गांधीजी झाले जे. एस. कश्यप. 'अछूत कन्या'च्या काळात बाँबे टॉकीजसाठी संवाद आणि गीते लिहिणारे हे गृहस्थ. चित्रपटात खरा वाटणारा माणूस कोण, असे विचारले तर पुष्कळ प्रेक्षक त्यांचेच नाव घेतील.

पात्रांची नावे पाहिली की कथाकारांचे या प्रदेशाशी नाते किती होते ते कळते. एकाचे नाव 'सेल्व्राग प्रल्हाद', एकाचे 'मुसद्दी', एकाचे 'मुंडा'. बारामतीजवळून वाहणारी कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते आणि नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला. त्या संगमावर प्रल्हादाने वाळूची नृसिंहमूर्ती स्थापली, अशी तिथली आख्यायिका. तिथल्या कोणत्याही घरात विचारले असते तर 'प्रल्हाद' हे नाव आहे, आडनाव नव्हे, एवढे तरी कळले असते. नावांची ही चूक एरवी हसून सोडून देता येते. पण या कथेतली जवळपास सगळी मुख्य माणसे पुणे आणि नगरची होती. नथुराम आणि गोपाळ गोडसे, नगरच्या मिशन शाळेत शिक्षक राहिलेला आपटे, नगरलाच हॉटेल चालवणारा विष्णू करकरे, पुण्यात शस्त्रांचे दुकान मांडून बसलेला दिगंबर बडगे आणि त्याचा नोकर शंकर किस्तय्या. पुणे काढले की कटाचा अर्थच उरत नाही. चित्रपटात पुणे जवळजवळ नाहीच.

न झालेले लग्न

चित्रपटाचा सर्वांत मोठा दोष मात्र नावांचा किंवा रंगवलेल्या चेहऱ्यांचा नाही. तो मारेकऱ्याला दिलेल्या भूतकाळाचा आहे.

पडद्यावरच्या नथुरामचे लहानपणी लग्न झालेले आहे. त्याची बालवधू दंगलीत मुसलमानांच्या हातून मारली जाते. त्या जखमेतून त्याचा द्वेष जन्मतो. पुढे तो राणी मेहता नावाच्या विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडतो, ती त्याला दूर सारते. शेवटच्या दिवशी शीला नावाची वेश्याही कथेत येते. म्हणजे खुनाच्या मुळाशी आहे ती खासगी वेदना, खासगी सूड आणि असफल प्रेम.

वास्तव काय होते? नथुराम गोडसे आजन्म अविवाहित होता. त्याच्या बायकोला दंगलीत कुणी मारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. वडील टपाल खात्यात नोकरीला. आधीचे मुलगे दगावले म्हणून या मुलाचे नाक टोचून नथ घातली आणि रामचंद्राचा नथुराम झाला, हे प्रसिद्धच आहे. त्याचे बालपण गेले ते बारामतीसारख्या, नीरेच्या डाव्या कालव्याने भिजणाऱ्या, मोरोपंतांच्या आर्यांचा आणि बाबूजी नाइकांच्या वाड्याचा वारसा सांगणाऱ्या शांत गावात. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी त्याला पुण्याला आत्याकडे ठेवले. वडिलांच्या बदलीने रत्नागिरीला गेल्यावर १९२९ च्या सुमारास त्याची सावरकरांशी ओळख झाली. सांगलीत त्याने शिवणकामाचे दुकान काढले, संघाच्या आणि मग हिंदुमहासभेच्या कामात पडला, हैदराबादच्या निःशस्त्र प्रतिकारात तुरुंगात गेला, १९४४ साली आपट्यासह 'अग्रणी' हे दैनिक सुरू केले.

या सबंध वाटचालीत फाळणीचा वार त्याच्या घरावर पडलेला नाही. पंजाबातून सर्वस्व गमावून आलेला माणूस कटात एकच होता, मदनलाल पाहवा. उरलेल्यांच्या हाती वर्तमानपत्र होते, सभा होत्या, एक पक्की विचारप्रणाली होती. नथुरामने लाल किल्ल्यातल्या न्यायालयात जे लांबलचक निवेदन वाचले, त्यातही वैयक्तिक सूडाचा दावा नाही. आपण राजकीय कृत्य केले, असाच त्याचा दावा होता. तो दावा आपल्याला मान्य नसेल, नसावाच; पण त्याला उत्तर द्यायचे तर आधी तो आहे तसा पाहावा लागतो. दुःखाने वेडा झालेला माणूस आणि विचाराने हत्येपर्यंत पोहोचलेला माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याची कीव येते. दुसऱ्याकडे पाहताना सभोवतालच्या समाजाला स्वतःकडेही पाहावे लागते. चित्रपटाने दुसरा माणूस काढून पहिला बसवला, आणि पाहणाऱ्यांची अडचण सोडवून टाकली.

गंमत अशी की गांधीविरोधकांना आणि गांधीभक्तांनाही हा बदल पटण्यासारखा नव्हता. एकाला त्यात आपल्या नायकाचा अपमान दिसला असता, दुसऱ्याला मारेकऱ्याविषयीची सहानुभूती. दोघांनाही नकोसा, असा चित्रपट कधी कधी सत्याच्या जवळ असतो. इथे तसे नव्हते.

धोब्याची खूण

आता पाठलागाकडे वळू. शीर्षकातले नऊ तास कादंबरीकाराच्या सोयीचे आहेत. इतिहासात मोजायचे आहेत ते दहा दिवस : २० जानेवारी ते ३० जानेवारी १९४८.

गांधीजींनी १३ जानेवारीला दिल्लीत उपोषण सुरू केले. त्याच सुमारास नथुरामने आपल्या विम्याच्या पॉलिसींवर आपटेच्या आणि गोपाळच्या पत्नींची नावे लावली. १७ तारखेला नथुराम आणि आपटे विमानाने दिल्लीला गेले. प्रवाशांच्या यादीत त्यांची नावे होती एस. मराठे आणि डी. एन. करमरकर. मरीना हॉटेलात ते दोघे देशपांडे झाले. २० तारखेला संध्याकाळी बिर्ला भवनात प्रार्थनास्थळामागच्या भिंतीजवळ मदनलालने गनकॉटनचा स्फोट केला. पुढचा बेत फसला. बडगेने ऐनवेळी कच खाल्ली. बाकीचे पसार झाले, मदनलाल जागीच पकडला गेला.

इथून पुढे जे घडले, किंवा घडले नाही, ते कोणत्याही हेरकथेत शोभावे. मदनलाल बोलू लागला. त्याने मरीना हॉटेल दाखवले, आणि एका मराठी वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला. त्या हॉटेलात धुण्यासाठी टाकलेले काही कपडे सापडले, त्यांच्यावर धोब्याची खूण होती : एन. व्ही. जी. म्हणजे नथुराम विनायक गोडसे. 'अग्रणी'कडून मुंबई सरकारने आधीच जामीन मागितला होता, म्हणून ते पत्र 'हिंदू राष्ट्र' या नावाने निघत होते. म्हणजे संपादकाचे नाव सरकारी दप्तरात होते. पुण्याच्या गुप्तचर शाखेत कुणालाही विचारले असते तर पाच मिनिटांत सांगितले असते.

दुसरा धागा मुंबईत होता. माटुंग्याच्या रुइया महाविद्यालयातले प्रा. जगदीशचंद्र जैन यांच्याकडे मदनलाल येत-जात असे, आणि त्याने कटाविषयी त्यांना आधीच बढाई मारून सांगितले होते. स्फोटाची बातमी वाचताच २१ तारखेला जैन यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना गाठले. मोरारजींनी त्याच दिवशी ते उपायुक्त जमशेद नगरवाला यांच्या कानावर घातले आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत सरदार पटेलांना सांगितले. नगरवालांनी तपास केला, पण गांधीजींना पळवून नेण्याचा हा मोठा कट आहे, या कल्पनेत ते गुंतले. दिल्लीहून दोन पोलीस अधिकारी मुंबईला आले आणि हात हलवत परतले. पुण्याचे गुप्तचर उपमहानिरीक्षक राणा त्या वेळी दिल्लीतच होते. मदनलालचा जबाब त्यांच्या हाती होता. ते विमानाने नव्हे, रेल्वेने, अलाहाबादमार्गे निघाले आणि २७ जानेवारीला मुंबईला पोहोचले.

त्याच २७ तारखेला नथुराम आणि आपटे पुन्हा विमानाने दिल्लीला गेले. या वेळी नावे विनायकराव आणि नारायणराव. तिथून ग्वाल्हेर, तिथे बेरेटा पिस्तूल, २९ ला परत दिल्ली, जुन्या दिल्ली स्थानकावरच्या विश्रांतीगृहातली सहा नंबरची खोली. ३० ला संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी तीन गोळ्या.

विमानाच्या याद्या, हॉटेलची नोंदवही, धोब्याची खूण, प्राध्यापकाची धावपळ, रेल्वेने जाणारा पोलीस अधिकारी आणि विमानाने जाणारे मारेकरी. पटकथाकाराला यापेक्षा अधिक काय हवे? तरी चित्रपटात यातले जवळजवळ काहीच नाही. तिथे आहे तो एकटा, थकलेला, प्रामाणिक अधीक्षक गोपाळ दास. तो धोका ओळखतो, धावतो, गांधीजींना प्रार्थनेला न जाण्याची विनंती करतो. गांधीजी नकार देतात. मग जे व्हायचे ते होते.

आणि इथेच चित्रपट इतिहासाच्या उलट दिशेला जातो. गांधीजींनी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ दिली नाही, हे खरेच आहे. पण त्यांचा नकार ही दिल्लीतली शेवटची भिंत होती. तिच्याआधी पुणे, नगर, मुंबई अशा तीन-चार ठिकाणी मारेकऱ्यांना अडवता आले असते, तेही कुणा महात्म्याची परवानगी न घेता. गोपाळ दाससारखा एकही अधिकारी त्या दहा दिवसांत नव्हता. असता तर कदाचित ३० जानेवारी वेगळी झाली असती. चित्रपटाने जो माणूस नव्हता तो निर्माण केला, आणि जी यंत्रणा होती ती पुसून टाकली. टाळता आली असती अशी घटना त्यामुळे अटळ दिसू लागते. अपयश नियतीच्या खाती जमा होते.

जॅकलने दाखवलेली वाट

अशा कथेचा चित्रपट चांगला होऊच शकत नाही, असे कुणी म्हणेल. शेवट सर्वांना माहीत असताना उत्कंठा कशी टिकवायची? याचे उत्तर दहा वर्षांनी मिळाले. फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' ही कादंबरी १९७१ साली आली, १९७३ साली फ्रेड झिनमनने तिच्यावर चित्रपट केला. अध्यक्ष द गॉल यांचा खून होत नाही हे जगातल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक होते. ते १९७० साली नैसर्गिक मृत्यूने गेले होते. तरी पुस्तक खाली ठेववत नाही आणि चित्रपट आजही बांधून ठेवतो.

कारण सोपे आहे. जॅकलला भूतकाळ नाही. त्याची बायको कुणी मारलेली नाही, त्याचे प्रेम फसलेले नाही. आपण पाहतो ते त्याचे काम : खोटा पासपोर्ट, बंदुकीचे भाग, रंगवलेली गाडी. आणि समोर लबेल हा साधा पोलीस अधिकारी. त्याचे काम म्हणजे फोन, याद्या, हॉटेलांच्या नोंदी. उत्कंठा माणसांच्या मनातून नव्हे, कागदांच्या वेगातून निर्माण होते. नोंद वेळेवर पोहोचेल का, एवढाच प्रश्न असतो, आणि तो पुरतो. फोर्साइथला हे सगळे कल्पनेने उभारावे लागले. वॉल्पर्ट आणि रॉब्सन यांच्याकडे ते खटल्याच्या कागदांत तयार होते. मनोहर माळगावकर यांनी पुढे कटातल्या हयात माणसांना भेटून आणि कपूर अहवालाचा आधार घेऊन 'द मेन हू किल्ड गांधी' हे पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात एकही पात्र काल्पनिक नाही, आणि थरार कादंबरीहून अधिक आहे.

बंदीने काय साधले

चित्रपट भारतात आला असता तर काय झाले असते? बहुधा पुण्यातल्या प्रेक्षकांनी बुखहोल्ट्सचा नथुराम पाहून हसून घेतले असते, वर्तमानपत्रांत चुकांच्या याद्या छापून आल्या असत्या, आणि जाणत्यांनी त्यांना उत्तर देताना खरी हकिकत लिहिली असती. बंदीमुळे यातले काही घडले नाही. पुस्तकातला ढिलाईचा आरोपही चित्रपटातल्या बालवधूबरोबर दाराबाहेर राहिला.

प्रश्न मात्र बाहेर राहिला नाही. नोव्हेंबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे सुटून आल्यानंतर पुण्यात झालेल्या एका समारंभात 'केसरी'चे माजी संपादक ग. वि. केतकर यांनी आपल्याला या बेताची पूर्वकल्पना होती, असे जाहीर सांगितले. महाराष्ट्रात आणि संसदेत गदारोळ झाला आणि त्यातून चौकशी आयोग नेमला गेला. न्या. जीवनलाल कपूर यांनी १९६९ मध्ये अहवाल दिला. सुमारे शंभर साक्षीदार, हजारो पानांची कागदपत्रे. जी चर्चा १९६२ साली एका कादंबरीच्या निमित्ताने होऊ शकली असती, ती सात वर्षांनी सरकारी अहवालाच्या रूपाने झाली. आणि तोवर अनेक साक्षीदार हयात नव्हते.

बंदीची सवयही सुटली नाही. गोपाळ गोडसे यांचे 'गांधीहत्या आणि मी' १९६७ साली सरकारने जप्त केले. मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो आदेश रद्द केला. १९९८ साली प्रदीप दळवी यांच्या 'मी नथुराम गोडसे बोलतोय' या नाटकावरून पुन्हा तेच झाले. दर बंदीने मारेकऱ्याच्या बाजूला दडपलेल्या सत्याची झळाळी मिळाली. तिला खरे उत्तर दिले ते पोलिसांनी नव्हे, अभ्यासकांनी : जगन फडणीस यांच्या 'महात्म्याची अखेर'ने आणि य. दि. फडके यांच्या 'नथुरामायण'ने. तारखा, ठराव, जबाब, रकमा एकापुढे एक ठेवून त्यांनी नाटकातल्या आणि आत्मसमर्थनातल्या विधानांची छाननी केली. हॉलिवूडचा चित्रपट इथे पाहिला गेला असता तर त्याचीही अशीच छाननी झाली असती, आणि ती तीन दशके आधी झाली असती.

नवव्या तासानंतर

चित्रपट बिर्ला भवनाशी संपतो. महाराष्ट्रात गोष्ट तिथे सुरू झाली.

मारेकरी पुण्याचा ब्राह्मण आहे हे कळताच पश्चिम महाराष्ट्रातल्या शहरांत आणि खेड्यांत ब्राह्मणांची घरे, वाडे, दुकाने जळाली. ज्यांनी आयुष्यात बंदूक पाहिली नव्हती, ज्यांचा 'अग्रणी'शी काडीचा संबंध नव्हता, अशी कुटुंबे रातोरात गावे सोडून शहरांकडे गेली. पुष्कळशी परतली नाहीत. कूळकायद्याने पुढे जमिनींचे जे व्हायचे ते झाले, पण गावाच्या वीणेतले काही धागे त्याआधीच तुटले होते. सिनेमाच्या इतिहासातही त्या आगीची नोंद आहे. कोल्हापुरातला भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला, आणि 'मीठभाकर' हा चित्रपट त्यांना पुन्हा करावा लागला.

या नंतरच्या दिवसांवर मराठीत एक छोटी कादंबरी आहे, व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ'. साठच्याच दशकातली. तिच्यात दिल्ली नाही, पिस्तूल नाही, मारेकऱ्याचे मन नाही. पुण्याहून आपल्या गावाकडे निघालेले तरुण आहेत, बंद पडलेल्या गाड्या आहेत, दुरून दिसणारा धूर आहे. नीरा ओलांडून माणदेशाकडे जाणारा हा मुलूख आपल्या ओळखीचा. माडगूळकरांनी कुणालाही राक्षस केलेले नाही आणि कुणालाही सोडलेले नाही. जाळणारेही गावचेच आहेत, आसरा देणारेही गावचेच. पानांची संख्या कमी, पैसा काहीच नाही, तरी त्या जानेवारी-फेब्रुवारीचे जेवढे सत्य तिच्यात आहे, तेवढे सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यावर मावले नाही.

एका गावात कोण जन्मला, यावरून गावाला दोष देता येत नाही, तसा अभिमानही मिरवता येत नाही. बारामतीला मोरोपंत जन्मले नव्हते, ते येऊन राहिले. नथुराम जन्मला आणि शिकायला निघून गेला. गावाने दोघांपैकी कुणालाच घडवले असे म्हणता येणार नाही. ज्याने घडवले ते वातावरण पुण्याच्या पेठांतले, वर्तमानपत्रांतले, सभांतले होते, आणि त्याला अडवू शकली असती ती यंत्रणाही मुंबई आणि पुण्यातलीच होती. वॉल्पर्ट यांना हे माहीत होते. टिळक-गोखल्यांच्या पुण्यावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. त्यांच्या दोन पुस्तकांपैकी पहिल्यात पुणे आहे, दुसऱ्यावरून केलेल्या चित्रपटात ते नाही. निराशा नेमकी इथे आहे. आज हा चित्रपट कुणी पाहिला तर जरूर पाहावा, पण शेजारी कपूर अहवालाचे खंड उघडे ठेवावेत. २१ ते २९ जानेवारीची पाने वाचायला नऊ तासांहून कमी वेळ लागतो.